वसंतातली परसबाग: पाडव्याच्या आत मुळं खाली गेली पाहिजेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात घरामागं अडीच गुंठे जागा आहे. जमीन मध्यम काळी. होळीनंतर विहीर खाली जाते आणि घरची गरज भागवून परसासाठी दिवसाला साधारण ४०० लिटर पाणी उरतं. गेल्या वर्षी पाडवा झाल्यावर दोडका, कारलं, काकडी, दुधी लावले. वेल मांडवभर पसरले, फुलं लागली, पण फळ धरलं नाही. जी काकडी आली ती कडू, कारली पिवळी पडून सडली. कोथिंबीर चार बोटं वाढली की फुलावर गेली. यंदा काय बदलावं?

सगळ्यात आधी लावणीची वेळ बदला. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा असला, तरी देशावर भाजीचा वसंत महाशिवरात्रीला सुरू होतो आणि पाडव्याला जवळजवळ संपतो. पहाटेची थंडी मोडली, रात्रीचं तापमान १५ अंशांच्या वर राहू लागलं की वेलवर्गीय बी उगवतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात टोकलेल्या काकडीला मार्चच्या अखेरीस फूल येतं, दोडका-कारल्याला एप्रिलच्या सुरुवातीला. पाडव्यानंतर टोकलं तर हीच फुलं मे महिन्यात येतात. मोठा दिवस आणि ४० अंशांचं ऊन यांत वेल नरफुलंच जास्त काढतो, दुपारपर्यंत पराग निकामी होतो, मधमाश्या फिरकत नाहीत. तुमच्या मांडवावरची फुलं बहुतेक नरफुलंच होती. त्यात शेणखत ताजं किंवा युरिया जास्त झाला असेल, तर पाला आणखी माजला आणि मादीफुलं आणखी घटली. गुढी उभारायच्या दिवशी वेल मांडवाच्या निम्म्यावर असला पाहिजे, म्हणजे मुळं दीड-दोन फूट खाली गेलेली असतात आणि वरची माती तापली तरी वेल तग धरतो.

आता पाण्याचा हिशेब, कारण तो न करता जागा आखली की एप्रिलमध्ये सगळंच अर्धपोटी राहतं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपल्याकडे एप्रिलमध्ये पूर्ण वाढलेलं पीक आणि उघडी जमीन मिळून दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पाणी उडवतात. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे एका पूर्ण भरलेल्या गुंठ्याला रोज ६०० लिटरच्या वर पाणी लागतं. अडीच गुंठे उन्हाळ्यात हिरवे ठेवणं ४०० लिटरमध्ये होणार नाही. आंबा, लिंबू, कोंबड्या यांच्यासाठी १०० लिटर बाजूला काढा. उरलेल्या ३०० लिटरवर ३ फूट रुंद आणि १० फूट लांब असे १५ वाफे नीट पोसतात. असा एक वाफा २.८ चौरस मीटरचा, त्याला ऐन एप्रिलात १७-१८ लिटर, म्हणजे एक मोठी बादली. पंधरा वाफ्यांचे अडीचशेच्या वर होतात, बाकीचं गळतीत आणि वाऱ्याच्या दिवशी जातं. दीड गुंठा रिकामा राहील, तो राहू द्या. नांगरून किंवा खणून ढेकळं तशीच उन्हात तापवा. हुमणीच्या अळ्या, फळमाशीचे कोष, लव्हाळ्याच्या गाठी यांतल्या बऱ्याच वर येऊन वाळतात, किंवा बगळे-साळुंक्या वेचतात.

वाफे उंच करू नका. गादीवाफा पावसाळ्याचा. वसंतात वाफा जमिनीच्या पातळीखाली ३-४ इंच खोल हवा आणि कडेनं वीतभर वरंबा. पाणी आत थांबतं, वारा मातीला थेट लागत नाही. एका वाफ्याला एक घमेलं, म्हणजे १०-१२ किलो, पूर्ण कुजलेलं शेणखत वरच्या ४-५ इंचांत मिसळा. पूर्ण कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास न येणारं, चहाच्या पुडीसारखं मोकळं. अर्धकच्चं खत उन्हाळ्यात दोन प्रकारे मारतं: कुजताना गरम होऊन कोवळी मुळं भाजतं, आणि हुमणी-वाळवीला बोलावतं. त्याच घमेल्यात दोन मुठी निंबोळी पेंड घाला. वाळवी असलेल्या जागेत आच्छादन टाकायचं असेल, तर ती घातलीच पाहिजे.

आच्छादन हवंच. उसाचं पाचट, गव्हाचा भुसा, तुरीचा पाला, झाडाखालचा वाळका पालापाचोळा, जे असेल ते तीन इंच जाड. रोप वीतभर झाल्यावर टाका, आधी टाकलं तर कोंब खाली दबतात आणि पैसा-किडे, नाकतोडे लपून रोपं कुरतडतात. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा सडतो. आच्छादनाखाली बोट घालून बघा. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

पाणी सकाळी सूर्य वर यायच्या आत द्या. संध्याकाळी दिलं तरी चालतं, पण तेव्हा तापलेली जमीन आधी निवू द्या आणि पानं भिजवू नका. भर दुपारी पानं मलूल दिसली म्हणून घाईनं पाणी ओतू नका. वेलाची पानं उन्हात मान टाकतातच, संध्याकाळी उठली तर सगळं ठीक आहे. सकाळीही मलूल असतील तेव्हाच पाणी कमी पडतंय, किंवा मूळ कुजतंय.

वेलांसाठी मडक्याची पद्धत कमी पाण्यात सगळ्यात भरवशाची. ८-१० लिटरचं, रंग किंवा चकाकी नसलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि त्याच्याभोवती वीतभर अंतरावर चार बिया टोकायच्या. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपतं, मुळं स्वतःच मडक्याला बिलगतात. सुरुवातीला चार-पाच दिवसांनी, एप्रिलमध्ये दोन दिवसांनी भरावं लागतं. तोंडावर झाकणी ठेवा, नाहीतर डास होतात आणि सरडे-बेडूक पडून मरतात. झिरपणं मंदावलं तर मडकं क्षारांनी बुजलंय. ते काढून नवं बसवा, घासून फार उपयोग होत नाही. बी उगवेपर्यंत मात्र वरून हातानं शिंपावंच लागतं, कारण मडक्याची ओल वरच्या इंचभर मातीपर्यंत पोचत नाही. पुष्कळ जण इथंच फसतात आणि मडक्याला दोष देतात.

२०० लिटरच्या पिंपावर ठिबक बसवायची असेल, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. पिंप १ मीटर उंचीवर ठेवलं की दाब फक्त ०.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळतो आणि बाजारातले ताशी ४ लिटरचे ड्रिपर बहुधा १ किलो दाबासाठी केलेले असतात. म्हणून ते ठिबकतात कमी आणि शेवटचे तर कोरडेच राहतात. उपनळी १०-१२ मीटरपेक्षा लांब नको, ड्रिपरऐवजी बारीक सूक्ष्मनळ्या लावा, तोंडाशी गाळणी हवी. प्रत्येक नळीखाली तांब्या ठेवून पंधरा मिनिटांत किती भरतो ते एकदा मोजा. पहिल्या आणि शेवटच्या तांब्यात फार फरक असेल, तर नळी छोटी करा.

विहीर खाली गेली की पाणी मचूळ होतं. वाफ्यावर पांढरी पापडी, पानांच्या कडा करपलेल्या, ही त्याची खूण. घेवडा, काकडी अशा पाण्याला लवकर दबतात, पालक आणि बीट बरेच सोसतात. अशा वेळी रोज थोडं थोडं पाणी देणं घातक, मीठ वरच साचतं. एक दिवसाआड भरपूर द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरतं. साबणाचं मोरीचं पाणी भाजीला नको. ते चर काढून केळी, कर्दळ, अळूकडे वळवा. स्वयंपाकघरातलं तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मात्र थेट वाफ्यात चालतं.

आता वेल. बी घेताना सुधारित सरळ वाण घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी बी घरचं धरता येतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची काकडीत हिमांगी आणि फुले शुभांगी, दुधीत सम्राट, दोडक्यात फुले सुचेता, कारल्यात फुले ग्रीन गोल्ड आणि हिरकणी ही नावं आपल्या हवेला रुळलेली आहेत. काकडी-दुधीचं बी रात्रभर भिजवा. कारल्या-दोडक्याच्या बियांचं कवच टणक, त्यांना २४ तास भिजवून ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवा. मोड दिसला की टोका. काकडी ५-६ दिवसांत वर येते, कारल्याला ८-१० दिवस लागतात. बी आडवं, एक इंचापेक्षा खोल नको. काळ्या जमिनीत वर पापडी धरली तर कोंब आतच मोडतो, म्हणून टोकलेल्या जागी मूठभर बारीक शेणखत किंवा भुसा पसरा.

मांडव लावणीच्या आठवड्यातच उभा करा. वेल पसरल्यावर खड्डे खणले तर मुळं तुटतात. १० बाय १० फुटांचा, ६ फूट उंच, चार वासे दोन-दोन फूट गाडलेले, वर तारा आणि त्यावर सुतळीची जाळी. चारही कोपऱ्यांना बाहेरून तणावे द्या. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा पावसाआधी वावटळ येते, आणि पाल्यानं भरलेला मांडव तिच्यापुढं शिडासारखा फुगतो. तणाव्याशिवायचे मांडव एका संध्याकाळी आडवे होतात. मांडवाखाली अर्धी सावली असते. तिथं दोन वाफे पालेभाजीचे धरा, शेडनेटचा खर्च वाचतो.

वेल मांडवाला पोचेपर्यंत बगलेतून फुटणारे फुटवे नखानं खुडत जा आणि एकच दांडा वर न्या. मांडवावर वीतभर गेला की त्याचं शेंड्याचं टोक खुडा. मग बाजूच्या फांद्या सुटतात, आणि दुधीत मादीफुलं याच बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. काकडीची एवढी उठाठेव लागत नाही.

फळधारणेचा उपाय इथं आहे. मादीफुलाच्या मागे चिमुकलं फळ असतं, नरफूल बारीक देठावर नुसतंच. फुलं उमलायची वेळ प्रत्येकाची वेगळी. काकडी, कारलं, घोसाळं सकाळी उमलतात. दोडका संध्याकाळी पाचनंतर, दुधी संध्याकाळी ते रात्री. दोडका-दुधीचं परागीभवन बरंचसं रात्री फिरणारे पतंग करतात. सकाळी चहाच्या वेळी मांडवाखाली जाणारा माणूस दोडक्याचं फूल मिटलेलंच बघतो आणि माश्या येत नाहीत म्हणून चिंता करतो. हातानं परागीभवन करायचं तर काकडी-कारल्याचं सकाळी नऊच्या आत, दोडका-दुधीचं दिवेलागणीला. त्याच वेळी उमललेलं नरफूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मधल्या गड्ड्यावर हलकेच फिरवा. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांना पुरतं. दोन दिवसांत चिमुकलं फळ खाली झुकून वाढू लागलं तर धरलं. पिवळं पडून गळलं तर पराग मेलेला होता किंवा वेळ चुकली. घरापुरत्या चार-पाच वेलांना रोज दहा मिनिटं पुरतात, आणि या दहा मिनिटांनी जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही फवाऱ्यानं पडत नाही.

मधमाश्यांसाठी सावलीत एक पसरट परात, आत खडे आणि पाणी ठेवा. फुलोरी आणि सातेरी माश्या खड्यांवर बसून पाणी पितात. किडीवरची फवारणी कुठलीही असो, सेंद्रिय असली तरी, उन्हं उतरल्यावर करा, आणि दोडका-दुधीच्या उमललेल्या फुलांवर ती जाऊ देऊ नका.

काकडी कडू होते ती उन्हाच्या आणि पाण्याच्या ताणानं. वेल कडू द्रव्य पानांत बनवतोच, ताण आला की ते फळात उतरतं, देठाकडे जास्त. नियमित पाणी आणि कोवळेपणी तोडणी हा त्यावरचा इलाज. काकडीची देठाकडची चकती कापून टाकली की बहुधा भागतं. दुधीचं मात्र तसं नाही. दुधीचा तुकडा जिभेला कडू लागला तर अख्खा दुधी उकिरड्यावर टाका, शिजवू नका, रस तर मुळीच पिऊ नका. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत. परसातल्या दुधीचा तुकडा चाखून मगच चिरायचा, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

कारली सडली ती फळमाशीमुळे. माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, त्या जागी सुईएवढा ठिपका आणि डिंकासारखा थेंब दिसतो, फळ वाकडं होतं, आत अळ्या. अळी फळात असताना कुठलाही फवारा तिच्यापर्यंत जात नाही, त्यामुळे सडल्यावर औषध मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तीन कामं एकाच वेळी करावी लागतात. क्यू-ल्युरची, म्हणजे नरमाशीला ओढणाऱ्या वासाची, गोळी असलेला सापळा मांडवाच्या उंचीला टांगा, अडीच गुंठ्याला दोन पुरे. आंब्या-पेरूच्या माशीची मिथाइल युजेनॉलची गोळी वेगळी, ती मांडवाला लावून उपयोग नाही. दुकानात मागताना वेलभाजीसाठी असं स्पष्ट सांगा. गोळी दीड-दोन महिन्यांनी बदला. सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून दुसरं काम: माशी लागलेलं प्रत्येक फळ रोज वेचा आणि प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा. नुसतं उकिरड्यावर फेकलं तर अळी मातीत शिरून कोष करते आणि आठ-दहा दिवसांत माशी परत मांडवावर. तिसरं, बोटाएवढं कारलं झालं की त्याला कागदाची पिशवी घाला. वेलाखालची माती आठवड्यातून एकदा खुरप्यानं वरवर हलवा, कोष उघडे पडले की कोंबड्या वेचतात.

रोप दोन पानांवर असताना लाल भुंगेरे येतात आणि दोन दिवसांत चाळण करतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दव असताना चुलीची चाळलेली राख पानांवर भुरभुरली तर चिकटून राहते आणि भुंगेरे टाळतात. रोप पाच-सहा पानांवर गेलं की धोका ओसरतो. भुरीसाठी, म्हणजे पानांवर पीठ शिंपडल्यासारखं दिसतं त्यासाठी, गंधकाची भुकटी वेलांवर टाकू नका. वेलवर्गीय पिकांना गंधक सोसत नाही, मार्चच्या उन्हात तर पानं जळतात. खालची जुनी पानं काढून वारा खेळता करा, आणि एक भाग दूध नऊ भाग पाणी असं आठवड्यातून एकदा सकाळी फवारा. सुरुवातीलाच केलं तर भुरी आटोक्यात राहते, सगळा वेल पांढरा झाल्यावर नाही.

निंबोळी अर्क मावा, पांढरी माशी, तुडतुड्यांना चालतो. अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून फडक्यानं दोनदा गाळा, दहा लिटर करा, मूठभर रिठ्याचं पाणी घाला आणि त्याच संध्याकाळी संपवा. उन्हानं त्यातलं औषध मरतं. निंबोळ्या पावसाच्या तोंडाशी पिकतात, त्यामुळे मार्चमध्ये हाताशी असतात त्या आठ-नऊ महिन्यांच्या. सावलीत वाळवून गोणीत ठेवल्या असतील तर चालतील, बुरसट काळ्या पडल्या असतील तर खतात टाका.

वेलांखेरीज वसंतात खरं भरवशाचं पीक म्हणजे भेंडी आणि गवार. गवार महाशिवरात्रीपासून मार्चअखेरपर्यंत केव्हाही टोका, पुसा नवबहार हा वाण फांद्या न फुटता सरळ वाढतो, ओळींत दीड फूट आणि रोपांत वीतभर अंतर. तिला पाणी जास्त झालं तर नुसती उंच होते. भेंडी १ फूट बाय अर्धा फूट, बी रात्रभर भिजवून. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, कारण उन्हाळी भेंडीचा खरा शत्रू केवडा आहे: पानांच्या शिरा पिवळ्या पडून सगळं झाड पिवळं होतं. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. आजारी झाड सुधारत नाही. दिसलं की उपटून पुरा, शेजारचं वाचतं. पिवळे चिकट पत्रे वाफ्यागणिक एक लावा. फूल आल्यावर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते. एक दिवसाआड तोडली नाही तर जून होते आणि झाड पुढची फुलं कमी काढतं.

टोमॅटो मार्चमध्ये नव्यानं लावू नका. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री उकाडा असेल तर फुलं गळतात, झाड निरोगी असूनही. थंडीतली वांगी मात्र उपटू नका. जमिनीपासून फूटभर ठेवून छाटा, घमेलंभर शेणखत द्या, नवे फुटवे येऊन मे महिन्यापर्यंत वांगी मिळतात. मिरचीच्या पश्चिमेला मक्याची किंवा एरंडाची ओळ असली तर दुपारी दोननंतरचं ऊन अडतं. सावली करायची ती पश्चिमेकडून, डोक्यावर सगळीकडून करायची गरज नाही.

कोथिंबीर आणि मेथी ऊन वाढलं की फुलावर जातात, तो त्यांचा स्वभाव आहे. मांडवाखाली किंवा तुराट्यांच्या ताटीखाली, धणे रगडून दोन फाकी करून बारा तास भिजवून, दर बारा दिवसांनी एकच वाफा टाका आणि चार बोटं झाली की उपटून वापरा. मोठी व्हायची वाट पाहू नका. खऱ्या उन्हाच्या पालेभाज्या वेगळ्या आहेत: माठ, तांदुळजा, राजगिरा, चुका, अंबाडी. माठ २५ दिवसांत खुडायला येतो आणि पुन्हा फुटतो. एप्रिल-मेमध्ये घरच्या ताटात हिरवं हवं असेल तर त्यांच्यावर भर द्या.

झाडांचं थोडक्यात. आंब्याला मोहोरात असताना पाणी देऊ नका. फळ वाटाण्याएवढं झालं की दर पंधरवड्याला १५० ते २०० लिटर, असं तीन-चार वेळा, फांद्यांच्या घेराखाली चर काढून द्या. खोडाशी ओतलेलं पाणी कामाच्या मुळांना मिळत नाही. काढणीच्या महिनाभर आधी थांबवा. वाटाणा-गोटीच्या अवस्थेत पुष्कळ फळं गळतात ती बरीचशी नैसर्गिक, झाड पेलेल तेवढीच ठेवतं. लिंबाला मात्र कधी कोरडं, कधी तुडुंब असं झालं की फळं तडकतात. शेवग्याच्या शेंगा संपल्या की एप्रिल-मेमध्ये झाड तीन फुटांवर छाटा, नाहीतर पुढच्या वर्षी शेंगा हाताला येत नाहीत आणि वळवात फांद्या मोडतात. हळदीचा पाला वाळला असेल तर काढून घ्या. बेण्याचे गड्डे झाडाखाली ढीग करून पाल्यानं झाका, त्यावर पाणी पडू देऊ नका. अक्षय्य तृतीयेला कोंब फुटलेले दिसतील, तेव्हा लावा.

कोंबड्यांकडे याच दिवसांत लक्ष हवं. चोच उघडी, पंख पसरलेले, म्हणजे उष्णता सहन होत नाही. दाणा पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी नाही, कारण पचनाची उष्णता त्यात भर घालते. पाणी मातीच्या भांड्यात सावलीत, दिवसातून तीनदा बदललेलं. खुराड्याच्या पत्र्याला चुन्याचा पांढरा हात द्या आणि पश्चिमेला ओलं गोणपाट टांगा, पण हवा बंद करू नका. खुडूक कोंबडी बसवायची ती होळीच्या आत, दहा-बारा अंड्यांवर. पुढे उकाड्यात अंडी आठवडाभर ठेवली तरी खराब होतात आणि गर्भ मरतो. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात अंडं बघा, शिरांची जाळी दिसली नाही तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. त्यांना पहिल्या आठवड्यात मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्या.

वसंतात ऊन कडक म्हणून गोवऱ्या झपाट्यानं वाळतात आणि घरातलं सगळं शेण त्यांत जातं. जमिनीच्या दृष्टीनं हे नुकसानीचं आहे. निदान निम्मं शेण खड्ड्यात टाका, त्यावर पाचट, पुन्हा शेण, आणि दर आठवड्याला दोन बादल्या पाणी. कोरडा खड्डा कुजत नाही, नुसता वाळतो. आज भरलेला खड्डा दसऱ्याच्या रब्बी भाजीला लागतो.

वाफ्यांवरचं ओलं आच्छादन, मडकी आणि सरपणाचा ढीग यांच्या गारव्याला साप येतात, विशेषतः घोणस आणि नाग. सरपण घराच्या भिंतीला टेकवू नका. आच्छादनात हात घालण्याआधी काठीनं हलवा, आणि संध्याकाळी दोडक्याची फुलं जुळवायला जाताना बॅटरी आणि पायांत बूट असू द्या.

बियाणं धरायची वेळही हीच. मेथी, पालक, धणे, वाल यांची चांगली झाडं आधीच राखून ठेवा, वाफा संपवताना उरलेली मरतुकडी झाडं बियाण्याला सोडू नका. वांगं झाडावर पूर्ण पिवळं होऊ द्या, मग बी धुऊन सावलीत वाळवा. बी दाताखाली कट्‌कन तुटलं तर वाळलं, चेपलं तर अजून ओल आहे. राख आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालून डब्यात ठेवा. वेलांपैकी पहिल्या तोडणीतलं एक देखणं फळ दोऱ्यानं खूण करून बियाण्याला ठेवा. संकरित वाणाचं बी धरू नका, पुढच्या पिढीत फळं सारखी येत नाहीत. काकडीचे दोन वाण शेजारी लावले असतील तर बी धरायच्या फुलाला आदल्या संध्याकाळी दोरा गुंडाळून बंद करा आणि सकाळी त्याच वाणाच्या परागानं हातानं फळवा. दुधी आणि दोडका एकमेकांशी मिसळत नाहीत, त्यांची काळजी नको.

रिकाम्या ठेवलेल्या दीड गुंठ्यात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पावसाळी भोपळा आणि घोसाळ्याची आळी खणा: दोन फूट रुंद, दीड फूट खोल, दोन घमेली खत. एक-दोन वळीव आळ्यात मुरले की बी टोका.